मागच्या बाकावरून

आज बाबांसोबत चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) पाहिला. माझी तिसरी वेळ, त्यांची पहिली. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "कॅमेरा हलतच नाही की रे. मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटतंय."

अगदी तेच! मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर. बोलणाऱ्याकडे तो धावत जात नाही. सिनेमातले आरोपी, लोकशाहीर नारायण कांबळे, यांचा जामीन अडकलेला असतो आणि त्याच चौकटीत बाकीचे लोक आपापल्या कामात. क्लोजअप असता तर कुणासाठी रडायचं ते त्यानेच सांगितलं असतं. तो आधारच काढून घेतलाय, म्हणून राग आत साचत जातो. मला तरी हे धाडस फार मोठं वाटतं.

मग सुट्टी लागते. कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही.

बाबांनी जमिनीच्या दाव्यासाठी ११ वर्षं हेलपाटे घातले. त्या अंधारात त्यांनी माझा हात धरला. "पुढची तारीख पडली की मी असाच बघत उभा राहायचो."

उरलेला सिनेमा आम्ही न बोलता पाहिला.