आमची वाटचाल : काकवीच्या पिंपातली फोर्ड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 1994 ला आम्ही गाड्यांच्या पत्राकामाच्या आणि रंगाच्या गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा ऐवज मोजका होता. गॅस वेल्डिंगचा एक सेट, तीन हातोडे, दोन कानशी आणि वस्तादांची डॉली. डॉली म्हणजे ठोकताना पत्र्याच्या मागे धरायचा ठोकळा, आणि ही म्हणजे रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा. वस्तादांनी घासून घासून त्याच्या एका अंगाला मडगार्डचा गोल आणला होता, दुसऱ्या अंगाला दाराच्या कडेचा कोन. पोरांनी मध्यंतरी चकचकीत डॉल्यांचा सेट आणला, तो खोक्यातच आहे. काम अजून रुळाच्या तुकड्यावरच होतं.

भागीदार होता. नाव घेत नाही, आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पत्रा माझ्याकडे, रंग आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे. पद्मिनी, अँबॅसिडर, मग मारुती अशी चोवीस वर्षं गेली. 2018 च्या दिवाळीत तो वेगळा झाला. विम्याची सगळी कामं गेली, दोन पेंटर गेले आणि कंप्रेसरही गेला. कंप्रेसर दोघांच्या पैशाचा होता. पावती माझ्या नावावर आहे, अजून जपून ठेवली आहे.

पुढच्याच ऑगस्टात महापूर आला. प्रयाग चिखली पाण्याखाली गेली आणि तिथल्या आबांच्या गोठ्यात उभी असलेली त्यांच्या आज्जाची गाडीही. आबा आमचे 1996 पासूनचे गिऱ्हाईक. त्यांची अँबॅसिडर मी तीनदा पत्र्यापासून उभी केली आहे. ऑक्टोबरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्यांनी ती गाडी आणली. फोर्ड मॉडेल ए, 1930 ची. छतावर वाळलेला गाळ, आत गाळ, चासीच्या चॅनेलमध्ये गाळ, त्यात उगवलेलं गवत. चारही मडगार्ड हाताने मोडत होती. मी रेडिएटरच्या शेलवरून, म्हणजे बाहेरच्या कवचावरून, ओलं फडकं फिरवलं तर शेल लखकन चमकला. 1930 पासून फोर्डने शेल आणि दिव्यांच्या वाट्या न गंजणाऱ्या स्टीलच्या केल्या होत्या. एवढ्या राड्यात तेवढंच तोंड स्वच्छ.

आबा म्हणाले, "मिस्त्री, कायबी कर, पर मोडीत घालू नगंस."

बातमी गल्लीभर झाली. माजी भागीदार चहाच्या गाड्यावर बोलला, "त्याला आता भंगारवाला म्हणा." हे मला तीन जणांनी सांगितलं. सांगणाऱ्यांना मजा आली असणार.

गाडी मुळाबरहुकूम करायची तर इंजिन हवं. 3.3 लिटरचं, 40 हॉर्सपॉवरचं मूळ इंजिन धरून बसलं होतं आणि ब्लॉकला तडा होता. मडगार्ड नाहीत, फूटबोर्ड नाहीत, मागच्या अंगाचा खालचा वीतभर पत्रा चाळणी. काय उरलं होतं? चासी, पुढचं काऊल (बॉनेट आणि काचेच्या मधला भाग), दोन दारं आणि शेल. हे सगळं समोर मांडून वस्ताद म्हणाले, "हिला उघडीच ठेव." वस्तादांनी हॉट रॉड हा शब्द ऐकलेला नव्हता. पण कॅलिफोर्नियातली पोरं 1930 च्या दशकात हेच करायची. जुनी स्वस्त फोर्ड घ्यायची, मडगार्ड उतरवून वजन कमी करायचं, इंजिन तगडं करायचं आणि सुकलेल्या तळ्यांवर पळवायची. आमच्या गाडीची मडगार्ड गंजाने आधीच उतरवून ठेवली होती.

पहिली चूक माझी. एक दार शॉट ब्लास्टिंगला दिलं. कोल्हापुरात ब्लास्टिंगवाल्याला तोटा नाही, पण त्याचं रोजचं काम फाउंड्रीतल्या कास्टिंगचं. बोटभर जाडीच्या बिडाला जो मारा लागतो तोच मारा त्याने एक मिलिमीटरच्या पत्र्यावर केला. दार परत आलं ते तळलेल्या पापडासारखं फुगून. पैसे पूर्ण घेतले, वर म्हणाला पत्राच जुना होता. ते दार सरळ करायला वस्तादांना अकरा दिवस लागले. एकीकडून तापवायचं, ओल्या फडक्याने आखडवायचं, डॉली धरून हलकं हलकं ठोकायचं. मग हातात सुती मोजा घालून डोळे मिटून हात फिरवायचा. उघड्या हाताला खोलगट कळत नाही, मोज्यात कळतं.

उरलेल्या पत्र्याला काकवी. कागल रोडच्या एका गुऱ्हाळावरून आंबलेली, खायच्या लायकीची न राहिलेली काकवी आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, दोनशे लिटरच्या पिंपात. मोठ्या भागांसाठी पत्र्याचा हौद केला. तीन आठवडे. वर पांढरी बुरशी धरते, वास असा येतो की शेजारच्या लेथवाल्याने दुपारचा डबा दुसऱ्या गल्लीत न्यायला सुरुवात केली. पण तुकडा बाहेर काढून पाण्याचा फवारा मारला की राखाडी, कोरा पत्रा निघतो. गंज जातो, लोखंड राहतं. मात्र दहा मिनिटांत पुन्हा लाली धरायला लागते, म्हणून लगेच वाळवून प्रायमर मारायचा, चहाला जायचं नाही. आणि ॲल्युमिनियम, जस्त त्यात टाकायचं नाही. आमच्या एका पोराने "साफ होईल" म्हणून कार्ब्युरेटर त्यात बुडवून ठेवला. सोमवारी काढला तर उंदराने कुरतडल्यासारखा. पगारातून कापले नाहीत, पण तो कार्ब्युरेटर अजून त्याच्या कपाटासमोर टांगला आहे.

इंजिन हिंदुस्थान कॉन्टेसा गाडीचं घातलं. इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल, पाच गिअरचा बॉक्स. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, मॉडेल एचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, टॉर्क ट्यूब नावाच्या नळीत बंद असतो आणि मागे-पुढे एकेक आडवा पाटा. गिअरबॉक्स बदलला की मागचं सगळंच बदलतं. मग मागे कॉन्टेसाचाच ॲक्सल, उभ्या पाट्यांवर. चासीचं चॅनेल उघडं, ते ह्या ताकदीला पिळतं, म्हणून आतून 3 मिमी पत्रा लावून बॉक्स केलं. ब्रेक मुळात सळ्यांचे होते, तिथे हायड्रॉलिक. पेट्रोलची टाकी मूळ गाडीत काचेच्या पुढे, गुडघ्यांच्या वर असते आणि तीच काऊलची पाठ. टाकी मागे नेली, वरचा पत्रा तेवढा ठेवला. जुनी टाकी कापायची असेल तर गळ्यापर्यंत पाणी भरून कापा. रिकामी दिसते तीच उडते.

ह्या कामाने दुकान बुडायला आलं, हे लपवत नाही. एक जागा अडलेली, विम्याची कामं दुसऱ्या गल्लीत, त्यात मार्च 2020 ला सगळंच बंद. गॅरेज पाच महिने भाड्याला महाग झालं. मंडळींच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. आबांचे पैसे येत, पण उसाच्या हिशेबाने. एफआरपीचा, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या दराचा, हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी आबा पिशवी घेऊन हजर. "तुझं आधी," म्हणायचे, "सोसायटीचं मागनं." पाटल्या 2022 ला सुटल्या.

आणि माजी भागीदार एका गोष्टीत खरा ठरला. तो गिऱ्हाइकांना सांगत होता, "त्याच्या गाडीला पासिंग नाही." नाहीच. जुलै 2021 ला पन्नास वर्षांवरच्या गाड्यांचा नवा नियम आला, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन मोठं बदललेलं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं म्हणणंही तेच. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते, तिच्याकडे बघून मला दरवर्षी वाटतं की जपलेली गाडी वेगळी आणि वाचवलेली वेगळी. पण आरटीओला असलं सांगता येत नाही. मी घाबरत घाबरत आबांना सांगितलं. ते हसले. "मला काय मुंबईला जायचंय? रानात फिरवीन की."

डिसेंबरात ट्रॉलीवरूनच ती चिखलीला परत गेली. तोडणी झालेल्या फडाच्या कडेने आबांनी दुसऱ्या गिअरवर तीन फेऱ्या मारल्या, मांडीवर नातू. वस्ताद बांधावर बसून फक्त दाराकडे बघत होते.

ती जायच्या आदल्या संध्याकाळी माजी भागीदार आला होता. 2018 ला वेगळा झाल्यापासून पहिल्यांदा. पापड झालेल्या त्याच दारावरून त्याने हात फिरवला, दोनदा. पुट्टी कुठे आहे ते शोधत होता. मग म्हणाला, "काकवी किती दिवस ठेवलीस?"

"तीन आठवडे," मी म्हटलं.

"पाणी किती?"

कंप्रेसरचं तो काही बोलला नाही, मी पाण्याचं काही सांगितलं नाही. आता वर वाचेलच.