साडेसातचा नकाशा

नव्या घराचा नकाशा हातात आला तेव्हा दिवाणखान्यावर आमच्याकडे दहा मिनिटं बोलणं झालं, स्वयंपाकघरावर दोन संध्याकाळी आणि बाथरूमवर तीन आठवडे. बाथरूम एकच, आठ फूट बाय पाच फूट. वापरणारे आम्ही पाच जण: सासूबाई, नवरा, मी, नववीतली मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा. म्हणजे माणशी आठ चौरस फूट, असा हिशेब नवऱ्याने मांडला आणि स्वतःवरच खूश झाला. मी म्हटलं, आपण पाचही जण एकदम आत जाणार आहोत का?

नकाशात सगळं व्यवस्थित बसत होतं. दारातून शिरताच बेसिनचा अंडाकृती आकार, पलीकडे कमोडचा थेंब, शेवटी खिडकीखाली शॉवरचा चौकोन. दाराच्या जागी एक पाव वर्तुळ. बघायला इतकं देखणं की फ्रेम करून लावावं. पण कागदावरच्या माणसाला गुडघे नसतात. त्याच्या हातात ओला टॉवेल नसतो, आणि बाहेर उभं राहून "झालं का गं?" असं विचारणारंही कोणी नसतं.

म्हणून एका रविवारी खडू आणि मोजपट्टी घेऊन आम्ही सगळे नव्या घरात गेलो. भिंतींना प्लास्टर झालं होतं, टाइल्स यायच्या होत्या. खाली कोब्यावर खडूने सगळं खऱ्या मापात काढलं. उलटी बादली म्हणजे कमोड, खोक्यावर खोकं म्हणजे बेसिन. दार अजून बसलं नव्हतं, म्हणून चौकटीपाशी नवरा लांब दांड्याचा झाडू आडवा धरून उभा राहिला, तोच दार. मी बादलीवर बसले. मुलगी आत यायला निघाली, दार उघडलं आणि झाडू सरळ माझ्या गुडघ्यावर आला.

"सॉरी," दार म्हणालं.

पुढचा तासभर आम्ही बादली सरकवत होतो. बादलीचा मध्य बाजूच्या भिंतीच्या पंधरा इंचांहून जवळ गेला की कोपर प्लास्टरला घासायचं. अठरा इंच मिळाले की माणूस सुखाने बसायचा. समोर निदान दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर उठताना डोकं आधी बेसिनला भेटतं. ही मापं कुठल्याही प्लंबरला तोंडपाठ असतात. पण एकदा बादलीवर बसून पाठ झाली की तीही आयुष्यभर विसरत नाहीत.

खरं कोडं मात्र मापांनी सुटलं नाही, ते मुलीच्या वहीने सोडवलं. तिने जुन्या घरात चार दिवस नोंद ठेवली: सकाळी सात ते सव्वाआठ, कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं. अधलेमधले तपशील तिने सुज्ञपणे गाळले होते. साडेसातच्या रकान्यात चार नावं एकाखाली एक. तिची स्वतःची पंचवीस मिनिटं, त्यातली आंघोळ आठ मिनिटांची. उरलेली सतरा? "केस," असं एका शब्दात उत्तर. मग बाकीच्यांचंही तपासलं. नवऱ्याची दाढी, मुलाचे दात, माझी टिकली आणि केस. गर्दी आंघोळीची नव्हतीच, आरशाची होती. एक माणूस आत भांग पाडत उभा, आणि त्याच्या भांगापायी शॉवर रिकामा, कमोड रिकामं, कडी आतून.

बेसिन आम्ही बाहेर काढलं. पॅसेजच्या टोकाला साडेतीन फुटांची जागा होती, तिथे. आर्किटेक्ट थोडे हळहळले, नकाशाची शोभा गेली म्हणाले. गेली खरी. पण माझ्या मते घरात एकच बाथरूम असेल तर बेसिन आत ठेवणं म्हणजे बसच्या दारात उभं राहून सुटे पैसे मोजण्यासारखं आहे. आता एक जण आंघोळ करील तेव्हा दुसरा दात घासू शकेल. त्या पाच फुटी खोलीतून एक बेसिन गेलं आणि खोली नव्हे, सकाळच मोठी झाली. जाता जाता: आरशावर वरून एकच दिवा लावू नये. डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस रोज सकाळी आजारी दिसतो. दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दोन लावावेत.

बेसिन हलवता आलं तसं कमोडही हलवू, असा उत्साह मग नवऱ्याला चढला. ते आहे त्याच्या समोरच्या कोपऱ्यात गेलं असतं तर दार उघडं राहिलं तरी नजरेस पडलं नसतं. प्लंबरने ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या जाड पाइपवर थाप मारली. "नळ सांगाल तिथे नेतो, वहिनी. हा चार इंची इथून हलायचा नाही." त्याचं कारणही त्याने नीट सांगितलं. येणारं पाणी दाबाने येतं, त्याला वर चढवा, वळवा, भिंतीतून फिरवा, ते कुरकुरत नाही. जाणारं पाणी मात्र फक्त उतारावरून जातं. फुटाला पाव इंच उतार धरला तर सहा फुटांना दीड इंच, वर पाइपाची स्वतःची जाडी चार इंच. म्हणजे सगळी जमीन अर्धा फूट उचलायची आणि दारात पायरी करायची. सासूबाई त्या पायरीच्या जागेकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. कमोड जिथे होतं तिथेच राहिलं.

उताराबद्दल मी जरा हळवी आहे. जुन्या घरातल्या बाथरूमला उतार आहे, पण दाराकडे. गवंड्याने काय विचार केला होता देव जाणे. रोज आंघोळ झाली की पाणी जाळी सोडून उंबऱ्याशी येऊन थांबतं, पाहुणा निघता निघता दारात गप्पा मारत थांबतो तसं. तिथे एक फडकं कायम पडलेलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या घरांत भाजक्या विटांच्या न्हाण्या होत्या, जमिनीला उतार होता आणि पाणी मोरीतून बाहेर रस्त्याच्या गटारात जायचं. तेव्हा जमत होतं. म्हणून नव्या घरात टाइल्स बसवणाऱ्याला मी आधीच बजावलं आहे: शेवटी मी तांब्याभर पाणी ओतून बघणार, ते जाळीकडे गेलं तरच काम झालं म्हणायचं.

त्या जाळीखाली जे भांडं बसतं त्याला प्लंबर लोक "नहाणी ट्रॅप" म्हणतात. मला हे फार आवडलं. बोलण्यातून न्हाणीघर कधीच गेलं, बाथरूम आलं, पण नहाणी जाळीखाली टिकून राहिली. त्यात दोनेक इंच पाणी सदैव साठलेलं असतं आणि तेवढंच पाणी गटाराचा वास अडवून धरतं. बाहेरगावी जाऊन आल्यावर बाथरूमला वास येतो तो अस्वच्छतेमुळे नसतो, ते राखणदार पाणी वाळून गेलेलं असतं. एक मग पाणी ओतलं की पहारा पुन्हा सुरू. कमोडच्या पोटातही हीच युक्ती आहे, इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा पाइप. त्याचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग याने घेतलं, आणि हा कमिंग धंद्याने घड्याळजी होता. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो मुलीच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "बरोबरच आहे. हे खातं घड्याळवाल्यांचंच."

हवेचा प्रश्न पटकन सुटला. खिडकी आहे, पंखाही बसेल; फक्त दाराखाली पाऊण इंच फट ठेवायची. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच गुरगुरतो.

दारावर मात्र भांडण झालं. झाडूचा प्रसंग ताजा होता, त्यामुळे ते बाहेर उघडावं असं माझं म्हणणं. नवऱ्याच्या मते बाहेर उघडलं की पॅसेजमधून जाणाऱ्याच्या नाकावर बसेल. तेव्हा सासूबाई पहिल्यांदा मधे पडल्या. "आत कोणी पडलं," त्या म्हणाल्या, "आणि दाराला टेकूनच पडलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलणार कसं?" कोण पडलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दार बाहेर उघडणार, आणि कडी बाहेरूनही सोडवता येईल अशी.

या धाग्याला धरून मी हळूच भिंतीतल्या दांडीचा विषय काढला. कमोडशेजारी धरून उठायला एक, शॉवरपाशी एक. त्यांचा चेहरा बदलला. "मी काय म्हातारी झाले? दवाखान्यासारखं दिसेल ते." मी गप्प बसले.

संध्याकाळ व्हायला आली होती. मुलाने उरलेल्या खडूने हॉलभर मासे काढले होते आणि आजीलाही कामाला लावलं होतं. त्यांचे दोन्ही तळवे पांढरे. निघण्याआधी त्या बाथरूममध्ये डोकावल्या. "बघू तरी तुमचं सिंहासन," असं म्हणत बादलीवर बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि उठल्या. उठताना उजवा हात आपोआप भिंतीवर गेला. प्लास्टरवर चार बोटं आणि अर्धा तळवा पांढरा उमटला.

नवऱ्याने काही न बोलता मोजपट्टी लावली. जमिनीपासून बोटांपर्यंत एकतीस इंच. तो वहीत लिहायला लागला. सासूबाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता रागावणार.

"दोन इंच खाली घे," त्या म्हणाल्या. "मी काय कायम एवढीच उंच राहणार आहे?"