चार तासांची कोलंबी

मे महिना जवळ आला की आमच्या सिअ‍ॅटलच्या मराठी ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: हूड कनालमध्ये, म्हणजे इथल्या समुद्राच्या लांबट खाडीत, कोलंबी धरायच्या तारखा लागल्या का? आणि तारखा लागल्या की लगेच कुरकुर. एवढेच मोजके दिवस? तेही सकाळी 9 ते दुपारी 1? माणशी एकच पिंजरा? "परवान्याचे पैसे घेतात आणि चार तास देतात," असं यंदाही कोणीतरी लिहिलं. ते वाचून मला राहवलं नाही. दोन ओळींत मावणारा विषय नाही, म्हणून इथे लिहिते.

मी ठाण्याच्या सीकेपी घरात वाढले. कोलंबीची खिचडी, भुजणं, पावसाळ्यात सोड्यांचं कालवण, हे आमचं रोजचं खाणं. कोलंबीवर माझा जीव आहे, आणि तरीही हे चार तास मला कमी वाटत नाहीत. कारण ही कोलंबी आपल्याकडची नव्हे.

वॉशिंग्टनमध्ये मे महिन्यात जिच्यासाठी सगळे धडपडतात ती स्पॉट श्रिंप. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची एक जोडी डोक्यामागे, दुसरी शेपटीच्या अलीकडे. ही कोलंबी जन्मभर एकाच लिंगाची राहत नाही. आधी सगळे नर असतात आणि वाढून मोठे झाले की त्यांच्या माद्या होतात. आयुष्य साधारण चार वर्षांचं. म्हणजे पिंजऱ्यात आलेली हाताएवढी कोलंबी बघून आपण "वा!" म्हणतो, तेव्हा ती बहुतेक मादीच असते. मोठ्या वेचून धरल्या तर आपण वेचून माद्याच नेतो.

तिची अंडी घालायची तऱ्हाही निराळी. आपल्याकडच्या समुद्रातली कोलंबी, पांढरी काय किंवा टायगर काय, अंडी थेट पाण्यात सोडून मोकळी होते. त्यामुळे ठाण्याच्या बाजारातून आणलेल्या कोलंबीच्या पोटाखाली अंडी चिकटलेली मी कधीच पाहिली नव्हती. शेवंडीच्या नाहीतर खेकड्याच्या पोटाखाली दिसायची तेवढीच. इथली स्पॉट शरद ऋतूत अंडी पोटाखालच्या पायांना धरते आणि अख्खा हिवाळा ती सांभाळते. मार्च-एप्रिलच्या सुमाराला पिल्लं सुटतात. सीझन मे महिन्यात का उघडतो, याचं उत्तर इथे आहे.

आई दोन वर्षांपूर्वी इकडे आली होती, तेव्हा तिला आम्ही बोटीवर नेलं. वर आलेल्या पिंजऱ्यात एक मादी अजून अंडी धरलेली निघाली. आईने ती तळहातावर घेऊन उलटी केली. पोटाखाली बारीक दाणे, काहींत काळे डोळेसुद्धा दिसत होते. आई म्हणाली, "अगं, ही लेकुरवाळी आहे, हिला कशाला नेतेस? सोड परत." आम्ही सोडली. तेव्हापासून अशी एखादी उशिरापर्यंत राहिलेली आली तर आम्ही ती लगेच पाण्यात घालतो. माशाला हवेची पिशवी असते, कोलंबीला नसते, त्यामुळे खोलातून वर आली तरी ती तगते. फक्त वेळ घालवायचा नाही आणि वर घिरट्या घालणाऱ्या सीगलवर लक्ष ठेवायचं.

आता नियमांकडे. रोजची मर्यादा माणशी 80 स्पॉट, आणि सगळ्या जातींची मिळून 10 पौंड. 15 वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. राज्यात बाकी बऱ्याच ठिकाणी माणशी दोन पिंजरे चालतात, पण हूड कनाल आणि डिस्कव्हरी बे इथे माणशी एक आणि बोटीला जास्तीत जास्त चार. पिंजऱ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा बोया पिवळा हवा, कारण लाल-पांढरा म्हणजे खेकड्याचा. त्यावर नाव-पत्ता लिहिलेला हवा. दोर पाण्यात बुडणारा हवा, तरंगणारा दोर दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात अडकतो.

जाळीचा आस, म्हणजे तिच्या भोकाची रुंदी, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्पॉटच्या पिंजऱ्याचा आस किमान 7/8 इंचाचा लागतो. दुकानात बारीक जाळीचे स्वस्त पिंजरेही मिळतात आणि नवीन माणूस हमखास तेच उचलतो. 7/8 इंचातून लहान कोलंबी, म्हणजे पुढच्या दोन वर्षांतली मादी, बाहेर पडू शकते. ती आपण हाताने सोडायची गरजच नाही, तळाशीच तिची ती निघून जाते. पाणी तिथे 200 ते 300 फूट, कोळ्यांच्या हिशेबाने 33 ते 50 वाव. एवढ्या खोलातून हाताने पिंजरा ओढताना पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. वर आल्यावर कोलंबी उसळत असते आणि तिच्या डोक्यावरचा करवती काटा बोटात घुसतो. हातमोजे घाला, आणि प्रत्येकाची बादली वेगळी ठेवा. एका बादलीत चौघांची मोजायला गेलं की गोंधळ होतोच.

कुरकुरीतला दुसरा मुद्दा, "किती कोलंबी धरायची याचा कोटा ठरलेला आहे, तर तो आम्हाला सगळा का देत नाहीत?" मला हा प्रश्नच आवडत नाही. हूड कनालच्या काठी स्कोकोमिश आणि स्क्लालम हे इथले मूळ रहिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. 1855 च्या पॉइंट नो पॉइंट करारात त्यांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. सरकारने तो कित्येक दशकं कागदावरच ठेवला. 1974 साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी माशांचा निम्मा वाटा त्यांचा ठरवला आणि 1994 साली न्यायमूर्ती रफीदी यांच्या निकालाने शिंपले, खेकडे, कोलंबी यांतही तेच तत्त्व लागू झालं. तेव्हा उरलेला निम्मा राज्याचा, आणि आपण हौशी लोक त्या निम्म्यातले. तिथे पाहुण्यासारखं वागावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हौशी वाटा किती उचलला गेला हे मोजायला धक्क्यावर मत्स्य खात्याची माणसं उभी असतात. बोट लागली की विचारतात: किती जण, किती पिंजरे, किती कोलंबी. काही जण चुकवून निघून जातात. असं करू नका. त्याच आकड्यांवरून पुढचा दिवस उघडायचा की नाही हे ठरतं. आपली 80 मोजून द्यायला दोन मिनिटं लागतात.

आपल्याकडे यांत्रिक बोटींना पावसाळ्यात दोनेक महिने बंदी असते, हे आपण लहानपणापासून बघत आलो. त्यावर कोणी कुरकुरलेलं आमच्या घरात मला आठवत नाही. आई उन्हाळ्यातच सोडे भरून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. तिथली कोलंबी भराभर वाढते, लहानपणी खाड्यांत राहते, वर्षभरात तिचा फेरा पुरा होतो, म्हणून तिला दोन महिन्यांची विश्रांती चालते. तिथली खरी काळजी निराळी आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कोलंबीबरोबर लहानसहान मासळी ढिगाने येते आणि वाया जाते. इथली चार वर्षांची कोलंबी थंड पाण्यात सावकाश वाढते. तिला तिकडचा हिशेब लावून कसं चालेल?

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आमिष म्हणून मासळीची, तेलकट कॅट फूड चालते. दोर खोलीपेक्षा किमान पाव हिस्सा जास्त ठेवा, नाहीतर भरतीच्या ओढीत बोया बुडतो आणि पिंजरा गेला म्हणून समजा. पकडल्यावर डोकी लवकर काढा, डोक्यातल्या रसाने मांस मऊ पडतं. तेवढ्यासाठी बर्फ भरपूर न्या. भुजणं करणार असाल तर कांदा, लसूण, कोथिंबीर, मिरची तेलात कालवून आधी शिजवून घ्या आणि कोलंबी अगदी शेवटी घाला, दोन मिनिटं पुरतात. आपल्या कोलंबीइतका वेळ दिलात तर तिची गोडी जाते.

निघायच्या दिवशी सकाळी खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, कोटा संपला की पुढचे दिवस रद्द होतात. आणि पिंजऱ्याच्या झाकणाला बांधलेला सुती दोरा तपासा. पिंजरा हरवला तर तो दोरा कुजून झाकण उघडतं आणि आतला जीव सुटतो. नायलॉनचा बांधला तर पिंजरा तळाशी वर्षानुवर्षं मारत राहतो. गेल्या वर्षीचा दोरा यंदा वापरू नका, नवा बांधा.