तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या उन्हात फुलझाडं

"काकू, नळाला पाणी चार दिवसांआड. वर हे असलं ऊन. आणि तुमच्या गच्चीवर फुलझाडं! जगतात तरी कशी ओ? आणि कशाला एवढा खटाटोप?"

हे मला पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, पलीकडच्या गल्लीतल्या बायका विचारतात, विजेचं मीटर बघायला आलेला मुलगाही विचारून गेला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली असते की ऊन हा वैरी आहे आणि मी त्याच्याशी झगडून फुलं काढते. खरं तर उलटं आहे. माझी निम्म्याहून जास्त फुलं उन्हाच्या जोरावर येतात. माझ्या बहिणीचं घर पुण्यात, दोन उंच इमारतींच्या मधोमध. तिच्या बाल्कनीतला मोगरा पानांनी भरलेला, हिरवागार, दृष्ट लागावी असा. कळी म्हणाल तर औषधालाही नाही. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन अंगावर घेतल्याशिवाय मोगरा नीट कळ्या धरत नाही, आणि ते तिला तिथे कुठून मिळणार? आम्हाला इथे बाकी सगळं मागून, रांगेत उभं राहून मिळतं. ऊन न मागता मिळतं.

मोगऱ्याचं जरा सविस्तर सांगते. बाकीची झाडं तू मोगऱ्याला सोबत म्हणून पाळतेस, असं घरातले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

आमच्या मोगऱ्याचं वर्ष गड्ड्याच्या यात्रेनंतर सुरू होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, पोरं चार दिवस जत्रेत हरवतात. ते सगळं उरकलं की मी कात्री काढते. त्याआधी कुंड्यांचं पाणी कमी करत आणलेलं असतं, इतकं की पानं मलूल होऊन खाली बघू लागतात. बघणाऱ्याला वाटतं, हिचं झाड चाललं. पण हा ताण मुद्दाम दिलेला असतो. आपल्या जिल्ह्यात डाळिंबवाल्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं की बहार धरायचा तर आधी बागेला ताण द्यावा लागतो. मोगऱ्याचं तंत्र तेच. मग निम्म्यावर छाटायचं, उरलेली पानंही ओरबाडून काढायची, वरची चार बोटं माती उकरून शेणखत भरायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. नुसत्या काड्या उरतात. आमच्या सासूबाईंना हा प्रकार बघवायचा नाही. छाटणीच्या दिवशी त्या गच्चीवर यायच्याच नाहीत.

थोड्याच दिवसांत त्या काड्यांच्या पेरांतून पोपटी फुटवे येतात. मोगऱ्याची कळी नेहमी नव्या फुटव्याच्या टोकाला, जुन्या काडीवर नाही. म्हणूनच ती छाटणी. बहुतेक वेळा तीन कळ्यांचा झुपका असतो आणि त्यात मधली आधी फुलते. दुपारी बघाल तर कळी हिरवट, कडक, दाताखाली धरावी अशी. पाच वाजता तोच हिरवटपणा गेलेला असतो, कळी फुगून दुधाळ होते, देठाजवळच्या हिरव्या काड्या बाजूला सरकतात. दिवे लागले की पाकळ्या सुटतात आणि वास गच्चीवरून जिन्यात येतो. गंमत म्हणजे सकाळी तोडून ठेवलेली कळीसुद्धा घाई करत नाही, तीही उमलायची ती संध्याकाळीच. बाजारातल्या गजरेवाल्यांचा धंदा या एका गुणावर चालतो.

झुपका फुलून गेला की खालच्या पानांच्या जोडीपर्यंत टोक खुडायचं, म्हणजे पुन्हा फुटवा आणि पुन्हा कळ्या. असं करत फाल्गुनापासून पावसापर्यंत मोगरा चालतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं आणि आलेल्या प्रत्येकीच्या हातावर घरची चार फुलं. विकतच्या गजऱ्याला मी नावं ठेवत नाही, पण त्यावर पाणी मारमारून त्याचा वास अर्धा पळालेला असतो. नर्सरीत गेलात तर तो मोठ्ठा, गुलाबासारखा गच्च बटमोगरा तुम्हाला दाखवतील. फोटोला तो छान. वासाला मात्र माझं मत साध्या एकेरी मोगऱ्याला.

आता पाण्याचं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतायचं हे सोलापूरकराला शिकवावं लागत नाही. पण कोणतं पाणी घालायचं नाही, हे कुणी विचारत नाही. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी लोक 'वाया कशाला घालवायचं' म्हणून झाडांना घालतात. कूलरमधलं नुसतं पाणी उडून जातं, त्यातले क्षार टाकीत मागे राहतात. आठवडाभर बोअरचं पाणी ओतत गेलात तर तळाचं पाणी चांगलंच खारवलेलं असतं. पाण्याच्या फिल्टरमधून बाजूला पडणाऱ्या पाण्याचीही तीच गत. ते फरशी पुसायला ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र घाला, त्यात क्षार नसतात. आमच्याकडे एसी नाही, समोरच्यांकडे आहे. त्यांची बादली उन्हाळ्यात माझ्याकडे येते आणि माझी फुलं त्यांच्या देवघरात जातात.

कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरा थर धरलेला दिसतो ना, तेच ते क्षार. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागला की लोक खत वाढवतात, पण ती उणीव लोहाची असते. मातीत लोह असतं, पण पाणी आणि माती अल्कधर्मी झाली की झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते थोडंसं द्यायचं. आणि पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवायचं. पावसाच्या पाण्याने झाड जसं तरारतं तसं कुठल्याच खताने नाही.

आणि आपली काळी माती. शेतात सोनं, कुंडीत नुसती डोकेदुखी. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते, करंगळी जाईल एवढी फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओतलंत की ते त्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं, आणि मुळं मधल्या ढेकळात कोरडी ठणठणीत. म्हणून मी काळी माती पाव हिश्शाहून जास्त घेत नाही, बाकी पोयटा, शेणखत आणि जाड वाळू. आणि आठवड्यातून एकदा जुन्या उलथन्याने वरची माती मोडते. कोरडवाहू शेतकरी म्हणतात, कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. भेगा बुजल्या की आतली ओल उडून जात नाही. आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. मातीत ओल कशी धरून ठेवायची, हीच त्याची मुख्य चिंता. ज्वारीच्या शेताला जे लागू तेच दहा इंची कुंडीला लागू.

वरून आच्छादन हवंच. मी रसवंतीवरून उसाची चिपाडं आणते. मागितली तर हसत देतात. पण ती दोन पाण्यांतून काढून कडक वाळवून मगच मोडून घालायची, नाहीतर सगळ्या गल्लीच्या मुंग्या तुमच्याकडे जेवायला. एप्रिल-मेमध्ये कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, पश्चिमेकडच्या रांगेला ओल्या बारदानाचा आडोसा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की पानांपेक्षा कुंडीची तापलेली भिंत जास्त घात करते, कोवळी मुळं तिला चिकटूनच असतात.

काही झाडांना तर एवढंही लागत नाही. बोगनवेलीला पाणी जास्त झालं की ती नुसती पानं काढत बसते. जरा उपाशी ठेवली की रंग उधळते. तो रंगही फुलांचा नव्हे, पानांचाच. खरं फूल म्हणजे मधोमध असलेली ती बारीक पांढरी नळी. अडेनियम अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतलं, ते पाणी आपल्या फुगलेल्या बुंध्यात साठवतं. त्याला भीती मे महिन्याची नाही, जुलैची. पावसात बुंधा सडतो. त्याचा चीक विषारी, लहान मुलं असतील तर लांब ठेवा. सदाफुली तर मी लावलेलीच नाही, ती गच्चीच्या भेगेतून आपणहून आली. मूळची मादागास्करची. तिच्यातून निघालेली दोन औषधं आज कॅन्सरच्या उपचारात वापरतात, आणि ही बया माझ्या मोरीच्या नळाखाली उभी.

आता 'कशाला'कडे येते.

आमच्या शेजारच्या अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड. भाद्रपदातली अमावास्या जवळ आली की त्या जिन्यातूनच हाक देतात, "वहिनी, कोंबडा फुलला का ओ?" नऊ दिवसांचा बतुकम्मा असतो त्यांचा. तबकात फुलांची वर्तुळं एकावर एक रचत निमुळता डोलारा उभा करायचा, वर हळदीची गौरम्मा, मग सगळ्या बायका भोवती टाळ्या देत फिरतात. त्यात गुनुगु लागतं. म्हणजे आपल्याकडे शेतात तण म्हणून उपटून फेकतात तो कुर्डू. पिवळी तरवड लागते, ती त्यांचा भाचा गावाबाहेरच्या माळावरून आणतो. माझ्याकडचा कोंबडा आणि झेंडू त्या डोलाऱ्यात जातात. शेवटच्या दिवशी त्या मला बोलावतात आणि मलाही फेर धरायला लावतात. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

अक्कांनीच मला अबोली दिली. वास नाही म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण अबोलीचं बी बघायला मिळालं आणि मत बदललं. फुलं गळून गेल्यावर कणसात बारीक तपकिरी शेंगा वाळून उभ्या राहतात. त्यावर पाण्याचे थेंब टाका आणि थांबा. टच्‌! शेंग फुटते, बी लांब उडतं. मग दुसरी, मग तिसरी. पाऊस आल्याचं कळल्यावरच बी टाकायचं, अशी व्यवस्था आहे ती. गल्लीतली पोरं पिचकारी घेऊन तेवढ्यासाठी येतात, आणि मला फुकटात चहूकडे अबोली पेरून मिळते.

शेवंतीचंही एक सांगायलाच हवं. एक वर्ष रस्त्याच्या दिव्याचा खांब बदलला, पांढरा झगझगीत दिवा आला, आणि कठड्यावरच्या शेवंत्या मार्गशीर्ष आला तरी मुक्या. टाकीमागच्या कुंड्या मात्र भरभरून फुललेल्या. शेवंतीला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. अखंड अंधार हवा, मध्ये उजेड पडला की तिला अजून उन्हाळाच वाटतो. तेव्हापासून ऑक्टोबरात शेवंत्यांचा मुक्काम टाकीमागे.

घरातल्या झाडांबद्दल थोडक्यात, कारण त्यांत माझा जीव कमी रमतो. 'हवा शुद्ध करणारी' म्हणून ती विकली जातात. त्याचं मूळ नासाच्या १९८९ च्या प्रयोगात आहे, पण तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा निघालं की घरात एरवी खेळणाऱ्या हवेइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील. मग आपण कुठे बसायचं? खिडकी उघडा आणि झाड आवडतं म्हणून ठेवा. स्नेक प्लांट ठेवा, पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तरी रुसत नाही. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात. माझ्याकडचे दोन तरी वेल त्या समजुतीपायी गेलेत.

मे महिन्यात सकाळी दहानंतर सोलापुरात माणूस बाहेर पडत नाही. दारं-खिडक्या लावून, ओले पडदे सोडून घरात बसायचं. अख्खा दिवस असा कोंडून काढल्यावर संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की तापलेल्या फरशीचा वास येतो आणि तासाभराने त्यावर मोगऱ्याचा. नातवाचा अभ्यास तिथेच होतो, अक्का लसूण सोलायला तिथेच येतात, समोरचे एसीवाले साहेबसुद्धा खुर्ची घेऊन वर येतात. कशाला, म्हणाल तर याच्यासाठी.

रोपं मागितलीत, त्याचंही सांगते. आत्ता उन्हाळ्यात फांदी नेऊ नका, वाळून जाईल आणि नाव माझं खराब होईल. मृग लागू दे, दोन चांगले पाऊस होऊ देत, मग या. बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड काडी वीतभर कापून देते, मोगऱ्याला दाब कलमं (फांदी मातीत दाबून मुळं फुटवलेली) करून ठेवलेली असतील. अबोलीचं बी कधीही न्या. कुंडी तेवढी तुमची आणा. मागच्या पावसाळ्यात गेलेल्या माझ्या कुंड्या अजून परत यायच्या आहेत.