दुबईतूनच होईल ना?

विट्यात, पलूसला, तासगावच्या स्टँडवर, कुठंही भेट झाली की प्रश्न तोच असतो: "पोरगा दुबईत आहे, त्याला हॉलंडात, म्हणजे नेदरलँड्समध्ये, नोकरी लागली. व्हिसा तिथूनच होईल ना? सुनेला नि नातवंडांना गावी आणायला नको ना?" मी "कागद बघावे लागतील" म्हणतो, आणि तुम्हाला वाटतं हा माणूस टाळतोय. टाळत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगतो.

अर्जापुरतं उत्तर हो असंच आहे. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर भारतीयाला 'एमव्हीव्ही' नावाचा प्रवेश-व्हिसा लागतो. तो मायदेशातून घेता येतो, किंवा जिथं तुम्ही तीन महिन्यांहून जास्त मुदतीचे कायदेशीर रहिवासी आहात त्या देशातून. दुबईचा रेसिडेन्स व्हिसा असला की झालं. व्हिजिटवर गेलेल्याचं तिथून होत नाही. अर्ज कंपनीच तिकडच्या आयएनडी नावाच्या इमिग्रेशन खात्याकडे करते, बायकोमुलांचाही सोबतच करता येतो. मंजुरी आली की तीन महिन्यांच्या आत बोटांचे ठसे देऊन पासपोर्टवर स्टिकर घ्यायचं, आणि ते मिळाल्यापासून ९० दिवसांत तिकडे पोचायचं.

अडतं ते दाखल्यांपाशी. तुम्ही म्हणता, "आमचं मॅरेज सर्टिफिकेट अटेस्टेड आहे की, दुबईला फॅमिली नेताना केलंय." ते अटेस्टेशन दुबईपुरतंच. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, मग तिथलं परराष्ट्र खातं, अशी ती साखळी. नेदरलँड्सला लागतं अपोस्टिल. १९६१ च्या हेग कराराचा तो शिक्का. भारत त्यात २००५ ला आला. आणि दुबईत बसून भारतीय दाखल्यावर अपोस्टिल मिळत नाही. आपल्या कॉन्सुलेटचा शिक्का त्याजागी चालत नाही, कारण वकिलातीनं स्वतः दिलेले कागद तो करारच बाहेर ठेवतो. म्हणजे माणूस येवो न येवो, मूळ कागद भारतात यावाच लागतो.

आता एक प्रकरण सांगतो, कारण तुमच्यातल्या निम्म्या घरांना ते लागू पडेल. खानापूर तालुक्यातलं गलाईवाल्यांचं, म्हणजे परराज्यात सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणाऱ्यांचं घर. मुलीचा जन्म कोइमतूरचा, लग्न इकडं, नोंदणी ग्रामपंचायतीत. नवरा दुबईत, त्याला नेदरलँड्सची नोकरी. घरच्यांनी लग्नाचा आणि जन्माचा, दोन्ही दाखले एका एजंटाला दिले. त्यानं "आठवड्यात करतो" म्हणून दोन्ही दिल्लीच्या एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या वाटेनं काढले, तेही मूळ कागदावर नाही, नोटरी केलेल्या झेरॉक्सवर. अपोस्टिल खरं होतं. पण अपोस्टिल सांगतं काय, तर ज्याची सही आहे तो अधिकारी खरा आहे. इथं त्यानं खरं ठरवलं ते झेरॉक्सवर सही-शिक्का मारणाऱ्यांना. ग्रामसेवकाच्या सहीशी त्याचा संबंधच नव्हता. कंपनीच्या वकिलानं कागद परत पाठवले.

तोवर नवऱ्यानं राजीनामा देऊन टाकलेला. त्याचा रेसिडेन्स व्हिसा रद्द झाला की त्याच्यावर काढलेला बायकोचा नि मुलाचाही जातो. दुबईतून अर्ज करण्याचा हक्कच ज्या कागदावर उभा होता, तो असा गेला. ती मुलाला घेऊन विट्याला आली, व्हिसा घेण्याचं ठिकाण बदलून भारत करावं लागलं, आणि दाखले पहिल्यापासून सुरू झाले. लग्नाचा मुंबईला, मंत्रालयातून. जन्माचा चेन्नईला, कारण ज्या राज्याचा दाखला त्याच राज्यानं आधी खरा म्हणायचा असतो. त्यात जन्मदाखल्यावर आडनाव नाही, तमिळ पद्धतीनं नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. एमव्हीव्हीला यानं फारसं अडत नाही. पण तिकडं पोचल्यावर नगरपालिकेत नोंद जन्मनावानं होते, तिथं हा दाखला मागतात. दुरुस्ती कोइमतूरच्या निबंधकाकडेच. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात, आणि त्यासाठी आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला असं काहीबाही लागतं.

सरकारी फी बघाल तर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी दाखल्यामागे ५० रुपये आहे, वर कागद जमा करून घेणाऱ्या सेवा केंद्राचं शुल्क. बाकी सगळा पैसा धावपळीचा आणि घाईचा. म्हणून एजंटाला एकच विचारा: राज्याच्या वाटेनं करणार का एसडीएमच्या, आणि शिक्का मूळ कागदावर येणार का? काही देश एसडीएमची सही मानतात, काही राज्याच्याच सहीवर अडून बसतात. लॅमिनेट केलेला किंवा जुना हातानं लिहिलेला दाखला घेऊन जाऊ नका. आधी नवीन संगणकीय प्रत काढा. इंग्रजीत असेल तर भाषांतर लागत नाही. नातू दुबईत जन्मला असेल तर त्याचा दाखला इकडे पाठवूच नका, त्याची साखळी तिकडंच पूर्ण होते.

आणि हे हॉलंडचं. जर्मनीचं विचाराल तर वेगळंच: भारताच्या अपोस्टिलला जर्मनीनं हरकत घेतलेली आहे, तिथं शिक्क्यापेक्षा दाखल्याची प्रत्यक्ष पडताळणी होते. जर्मन व्हिसाचा अर्ज नाकारला तर पूर्वी फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून तेही बंद. नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं कोर्ट.

पूर्वी मी सरसकट सांगत असे, गावी या आणि इथूनच भरा. मूळ कागद हाताशी, मुंबई एका रात्रीवर. आजही ते म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण तेव्हा माझ्यासमोर बसायचे एकटे पोरगे. आता बसते ती सून, जिच्या मुलाची शाळा तिकडं आहे आणि जिच्या नवऱ्याची नोकरी स्टिकर लागेपर्यंत सुटता कामा नये. तिला "या" म्हणणं सोपं नाही, आणि "राहा" म्हणावं तर कागद घेऊन चेन्नईला जाणार कोण? अधिकारपत्र देऊन चुलत्याला पाठवता येतं; मात्र दुरुस्तीच्या वेळी त्याला निबंधक दारात उभा करील का, हे त्या त्या कार्यालयावर आहे. मी अजून दोन्ही बाजूंनी बोलतो. तेवढं खरं की राजीनाम्याची तारीख दाखले हातात आल्यावर ठरवा, त्याआधी नाही.