केळीच्या बागेत फ्लॅश: याशिका मॅट १२४ जी आणि तीन रोल

याशिका मॅट १२४ जी हा फिल्मचा कॅमेरा आणि जुना व्हिविटार २८५ फ्लॅश ही जोडी जमवण्यात माझे एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मचे तीन रोल खर्ची पडले. रावेर तालुक्यात मामांची केळीची बाग आहे आणि तिथे भरदुपारी माणसांची छायाचित्रे काढणे हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. केळीच्या पानांखाली उभ्या माणसाचा चेहरा अंधारा असतो आणि त्याच्यामागे बांधावर खानदेशचे ऊन रटरटत असते. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) धरले तर बांध पांढराफटक होतो, आणि बांधासाठी धरले तर चेहरा हरवतो. म्हणून एक्स्पोजर बांधासाठी धरायचे आणि चेहरा फ्लॅशने उजळायचा.

पहिला रोल संध्याकाळी घराच्या ओट्यावर काढला आणि तो पूर्ण कोरा निघाला. फिल्मच्या कडेचे आकडे मात्र स्वच्छ उमटले होते, म्हणजे डेव्हलपिंगमध्ये दोष नव्हता. दोष सिंकच्या, म्हणजे शटर आणि फ्लॅशची वेळ जुळवणाऱ्या, खटक्यात सापडला, कारण तो इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या ‘एक्स’ऐवजी ‘एम’वर होता. ‘एम’ ही खूण जुन्या फ्लॅशबल्बसाठी आहे. बल्ब पेटून पूर्ण तेजाला यायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून शटर तेवढे थांबून उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा झोत मात्र सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे माझे शटर बारा वेळा अंधारातच उघडले होते. आता प्रत्येक रोलआधी मी रिकाम्या कॅमेऱ्याचा मागचा दरवाजा उघडतो, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे रोखतो आणि मागून लेन्समधून पाहत १/५०० सेकंदाच्या गतीवर बटण दाबतो. सिंक बरोबर असेल तर लेन्सचा पूर्ण गोल क्षणभर लख्ख दिसतो.

या कॅमेऱ्याचे खरे मोल बागेत कळले. त्याचे शटर लेन्समध्येच असल्यामुळे १/५०० पर्यंत कोणत्याही गतीला फ्लॅश जुळतो. मामांनी विचारले, “अरे, एवढं ऊन पडलंय, त्यात आणखी दिवा कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. फिल्म १०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) धरली तर उन्हातल्या बांधाला १/१२५ आणि एफ/१६, म्हणजेच १/५०० आणि एफ/८ लागते; एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो जितका मोठा तितके छिद्र लहान. ज्या मिडियम फॉरमॅट (अशाच रुंद फिल्मच्या) कॅमेऱ्यात फिल्मसमोरचे पडद्याचे शटर फ्लॅशशी १/३० लाच सिंक होते, तिथे हाच बांध सांभाळायला एफ/३२ पर्यंत जावे लागेल आणि छोटा फ्लॅश माणसाच्या अगदी नाकाशी न्यावा लागेल. शटरची गती उन्हावर चालते, फ्लॅशवर नाही. फ्लॅशचे मोजमाप छिद्र आणि अंतर यांवर ठरते. म्हणून गती वाढवून छिद्र मोठे ठेवता आले, की त्याच फ्लॅशचा पल्ला वाढतो.

व्हिविटार २८५ चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला अंतराने भागले की छिद्र मिळते) १०० आयएसओला ३६ मीटर आहे. पाव ताकदीवर तो निम्मा, म्हणजे १८ होतो, आणि १८ ला सव्वादोन मीटरने भागले की बरोबर एफ/८ येते. या हिशेबाने काढलेल्या दुसऱ्या रोलमध्ये बांध छान आला, पण चेहरे सुमारे एका स्टॉपने पातळ राहिले, म्हणजे त्यांना हवा त्याच्या निम्माच उजेड मिळाला. गाइड नंबर घरातल्या साधारण खोलीसाठी दिलेला असतो, जिथे भिंती आणि छत उजेड परत फेकतात; बागेत तो उजेड पानांत विरून जातो. तिसऱ्या रोलला बाकी सगळे तेच ठेवून फ्लॅश अर्ध्या ताकदीवर नेला आणि चेहरे भरून आले.

फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता तीन मीटरच्या सिंक केबलने मामेभावाच्या हाती दिला होता. या कॅमेऱ्यात ज्या वरच्या काचेत पाहून फ्रेम धरतात तिच्यात डावे-उजवे उलटे दिसत असल्याने सुरुवातीला त्याला मी भलत्याच बाजूला सरकवत होतो. नंतर “विहिरीकडे” आणि “घराकडे” असे सांगू लागलो. केबलची पिन किंचित सैल आहे आणि तिसऱ्या रोलच्या दोन फ्रेम तेवढ्यानेच गेल्या. या जुन्या फ्लॅशच्या सिंक टोकांवर मल्टिमीटरने २०० व्होल्टच्या वर दाब दाखवला. याशिकाच्या यांत्रिक संपर्काला तो चालतो, पण असा फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर कृपया लावू नका.

डेव्हलपिंग डी-७६ या डेव्हलपरमध्ये, १:१ (निम्मे पाणी घालून), २० अंशांवर ११ मिनिटे केले. नळाचेच पाणी कोमट येत असल्याने टाकी बर्फाच्या घमेल्यात ठेवावी लागली.

तिसऱ्या रोलची सातवी फ्रेम मोठी करून पाहिली. मामांच्या पांढऱ्या टोपीची शिवण दिसते, डोळ्यांत फ्लॅशचा एकेक बारीक ठिपका आहे, खांद्यामागे घडाच्या फण्या वेगवेगळ्या मोजता येतात आणि त्यापलीकडे बांधावरचे वाळके गवतही शाबूत आहे. गालावरची सावली मात्र अजून कडक वाटते. चौथ्या रोलला फ्लॅशवर पांढऱ्या सुती रुमालाची एक घडी बांधून ताकद पूर्ण करणार आहे. पूर्ण ताकदीचा झोत जास्त वेळ टिकतो, त्यामुळे १/५०० वर त्याचा शेवट कापला जातो का, हे त्याच रोलमध्ये १/२५० च्या दोन फ्रेम शेजारी काढून तपासेन.