एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

दुपारी शीतकडी जेवून जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात चढणीवरून एक ट्रक कण्हत वर आला आणि मी डोळे मिटूनच पुटपुटलो, "टॅपेट."

"कोण आलंय?" बायकोनं विचारलं.

हा माझा जुना रोग. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला काय दुखतंय ते मला कळायलाच हवं. कळतंच असं नाही.

बाबांचा ट्रक होता, गोव्यात डिचोलीच्या खाणीवरून सारमानसच्या धक्क्यावर खनिज ओतणारा. तिथून पुढे ते बार्जमधून मांडवीच्या वाटेनं मुरगावला. आमचे कपडे, उंबरठा, आंघोळीचं पाणी, सगळं तांबूस. रात्री तीन वळणं अलीकडूनच बाबांचा ट्रक ओळखू यायचा, आणि आई माशांचं हुमण तापवायला ठेवायची.

एखाद्या दिवशी त्या ओळखीच्या आवाजात काहीतरी उपरं लागायचं. मग मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे. त्याच्या दारात मात्र इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाणं! "काल रात्री तर..." म्हणत बाबाच ओशाळायचे. मेस्त काही न बोलता लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोक इंजिनाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला. मध्येच काही विचारलं की गप्प करायचा, "ओगी राव मरे!"

एकदा त्यानं ती मूठ माझ्याही कानाला टेकवली. बाहेर नुसता गडगडाट होता, पण लोखंडातून एकेक आवाज सुटा होऊन आला. वरची हलकी टिकटिक टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागाची; क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांना एकदा. खालून, पोटातून येतो तो दबका ठोका बेरिंगचा. टिकटिक निघाली तर मेस्त हसायचा. ठोका निघाला तर बाबांकडे बघायचाही नाही.

मग कुठला सिलिंडर ते शोधायचं. इंजिन चालू ठेवून एका इंजेक्टरच्या नळीचा नट जरासा ढिला करायचा. डिझेल फसफसून बाहेर येतं, तो सिलिंडर मुका होतो. ठोका तसाच? नट आवळ, पुढचा घे. ज्याला मुका केल्यावर ठोका दबतो, तो चोर. सहा सिलिंडर होते, आणि ते पेटायचा क्रम मेस्तानं माझ्याकडून घोकून घेतला होता: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. शाळेत बाईंनी आकडे म्हणायला उभं केलं तेव्हा तोंडून हेच निघालं. छडी बसली. चौदाचा पाढा मला आजही धड येत नाही, हा क्रम येतो.

२०१२ साली, चवथीच्या तोंडावर, खाणी बंद झाल्या. तोवर बाबांचा ट्रक दुसरा होता, मेस्त तोच. त्या धुळीला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. आईचे कपडे पहिल्यांदाच पांढरे वाळले. बाबा आता दिवसभर घरातच असत, तरी हुमण कधी तापवायचं हे तिला कळेनासं झालं.

बॅटरी उतरू नये म्हणून बाबा दर रविवारी ताडपत्री काढून ट्रक सुरू करायचे. दहा मिनिटं तो जागच्या जागी चालायचा. मला हाक मारायचे, "ऐक रे, काही लागतंय का?" मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचो. काहीच लागत नसे. ते इंजिन इतकं नीट कधी चाललंच नव्हतं.

२०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या, तेव्हा ट्रक उभा असायचा त्या जागी आईनं मिरची लावली होती.

असो. मघाचा ट्रक एव्हाना पार उतरून गेला असेल. खरं म्हणजे ते मॅनिफोल्डचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडाचं, पॅकिंगही असू शकतं. गळकं पॅकिंग अगदी टॅपेटसारखंच टिकटिकतं, आणि कधीकधी इंजिन तापलं की गप्प होतं. थंड असताना ऐकायला हवा होता.

बायकोला तसं सांगायला वळलो, तर तिला झोप लागली होती.